मधला स्पीकर

शनिवारी फोन आला, त्रिमूर्ती चौकातून.
निरभवणे काका. म्हणाले, आहेर,
गोळ्या ऐकू येतात, गाड्या ऐकू येतात,
पावसाचं तर विचारू नका,
ही गॅलरीतले कपडे आणायला धावते,
फक्त माणसं काय बोलतात ते कळत नाही.
नुसते ओठ हलतात.

म्हटलं, येतो. ओळखीची तक्रार आहे.

सिडकोची जुनी स्कीम, दुसरा मजला,
दार उघडताच लसणाची फोडणी.
शोकेसमध्ये, कोपऱ्यांत मिळून पाच स्पीकर
आणि जमिनीवर तो मोठा डबा,
त्यावर काकूंचा क्रोशाचा रुमाल, रुमालावर
बाटलीतला मनीप्लांट.
पडद्यावर धडाम झालं की पाणी थरथरतं.

आधी सोपं बघायचं, हा माझा नियम.
म्यूट नाही ना. मोड कुठला लावलाय.
टीव्हीमागची पिन अर्धवट बाहेर नाही ना.
डॉक्टरही आधी जीभच बघतो.

मग टेस्ट टोन लावला.
शर्र... डावीकडे.
शर्र... उजवीकडे.
शर्र... सोफ्याच्या मागे, काकूंनी दचकून पाहिलं.
शर्र... मागच्याच दुसऱ्या कोपऱ्यात.
आणि मधल्याच्या पाळीला
भिंतीवरचं घड्याळ.

माणसांचं बोलणं मधल्यातून येतं, काका,
बाकीचे नुसती हवा करतात.
काका म्हणाले, असं होय.

शोकेस ओढली.
मागे बारा वर्षांची धूळ,
कॅरमची एक काळी सोंगटी,
वायरच्या टोकाशी हिरवं पडलेलं तांबं
आणि प्लास्टिकवर दातांचे ठसे.
चार. बारीक.

हे कुणी सोललं?

सुगतनं, काकू म्हणाल्या. नववीत होता.
यांच्या बोनसात आणलेलं हे सगळं.
पक्कड शोधायला धीर कुठला त्याला.

आता कुठे असतो?

गंगापूर रोडला, काका म्हणाले,
इथून नऊ किलोमीटर.

किलोमीटर मी विचारले नव्हते.

टोक कापलं, बोटभर.
आतलं तांबं अजून पिवळंजर्द होतं.
पीळ दिला, खाचेत बसवलं,
लागल्या हाती पुढचे दोघेही तपासले,
तर डाव्याची तांबडी काळ्यात, काळी तांबड्यात.
उलटी.
म्हणजे उजवा पुढे ढकलतो तेव्हा
डावा मागे ओढतो.
दोघंही चालू, दोघंही धडधाकट,
आणि समोरासमोर आले की
एकमेकांचं बोलणं खाऊन टाकतात.
कुणाला वाटावं स्पीकर खराब.
स्पीकरला काही झालेलं नसतं.

सुलटी केली.
सीरियल लावली. सासू मधोमध येऊन बोलली,
शब्द न् शब्द.
गाणं लावलं. बासरी बरोब्बर
टीव्हीच्या काचेत येऊन बसली.
काकू म्हणाल्या, अगं बाई, केवढं स्वच्छ!
काका काही बोलले नाहीत,
मान थोडी डावीकडे कलती करून
ऐकत राहिले, दुसरंच काहीतरी.

तारांचे तुकडे गोळा करून मी टाकायला निघालो
तर काकूंनी तळहात पुढे केला.
दातांचा तुकडा त्यांनी बरोबर ओळखला,
बाकीचे मला परत दिले.

चहा झाला. साडेतीनशे रुपये झाले.
दाराबाहेर जिन्यात गारठा,
मी वाकून बूट घालत होतो.

आहेर, काका उंबऱ्याशी आले,
आधी ना, गाणं लागलं की आवाज
या दाराकडून यायचा.
बाहेर कुणीतरी
गुणगुणत उभं असल्यासारखा.

ती चूक होती, काका. वायर उलटी होती.

हो, ते समजलं मला.
आत काकूंनी टीव्ही बारीक केला.

तेवढी एक चूक
पुन्हा करता येईल का?

एकच बूट घातला होता मी.
तो काढला.