दोनचा रकाना

तरीत मी एकटीच, आणि सुकटीच्या दोन पाट्या.
वल्ह्यावर भालू तारी. कुणाकडे, ते त्याने विचारलं नाही.
खाडीपलीकडे डॉक्टरीण जाते ती लसीचा डबा घेऊन.
आज हातात फक्त केसपेपरची झेरॉक्स,
भिजू नये म्हणून दुधाच्या पिशवीत.

शेवंती घाडी, वय एकोणचाळीस.
सड्यावर गवत कापताना फुरसं. उजवा घोटा.
हे माझंच अक्षर.
साडेसातला आणली. आठला मी रक्त घेतलं
कोरड्या काचनळीत, उभं ठेवलं,
वीस मिनिटं कुणी हात लावला नाही.
मग नळी तिरकी केली. गोठलं होतं.
दह्यासारखं, सिस्टर एस्तेर म्हणाली,
आणि आम्ही दोघी हसलो.

विष स्वतःचं घड्याळ घेऊन येतं.
म्हणून पुन्हा बघायचं, रात्री दोनला.
मला ठाऊक होतं. भिंतीवर तक्ता आहे,
मीच चिकटवलेला, भाताच्या खळीने.

दीडला बाळंतीण आली. पायाळू मूल.
तीनला ते रडलं, आणि मी खुर्चीत टेकले
बूटसुद्धा न काढता.
दुसरी नळी ट्रेमध्ये होती, गॉझखाली, स्वच्छ.
पाचला शेवंतीच्या हिरड्यांतून रक्त.
औषध तेव्हा लावलं. तेव्हा.
गाडी तरळ्याच्या फाट्याअलीकडे होती.

मोठे साहेब वाईट माणूस नाहीत.
पेन पुढे करून म्हणाले, दोनचा रकाना रिकामा दिसतोय.
एकच शब्द. गोठलं.
मी लिहिला नाही.
पण बाहेर कुणीतरी त्यांना म्हणालं, उशिरा आणलंत,
आणि मी तिथेच उभी होते, हात पुसत.
कोऱ्या रकान्याचा प्रामाणिकपणा
दोन महिने मी मनात मिरवला.

अंगणात फवारणीचा पंप, मोहराचा उग्र वास.
लवू घाडी चुडतांचं झाप विणत होता.
वाक्यं पाठ करून निघाले होते. तरीत बसून
एकेक पाण्यात सोडली: दुर्दैवाने. परिस्थितीमुळे. आमच्याकडून.
उरलं ते सांगितलं.
तुम्ही वेळेत आणलंत. उशीर माझा.
दोनला रक्त बघायचं होतं, मी बघितलं नाही.
बघितलं असतं तर वाचली असती का?
बहुतेक.

त्याचे हात थांबले नाहीत. एक पातं वर, एक खाली.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"माका नको सांगा. चेडवाक सांगा.
ता म्हणता, माज्यामुळा. रिक्षाक पैशे सोधीत रवलंय,
तवसर विष चढला."

प्रणाली मागल्या दारी भांडी घासत होती.
तिच्यासमोर उकिडवी बसले. पुन्हा सगळं, पहिल्यापासून.
साडेसात ही वेळ दोनदा सांगितली:
तू वेळेत आणलंस, बाय, तू वेळेतच आणलंस.
या खेपेला 'बहुतेक' नीट बाहेर पडेना.

राखेचे हात तसेच धरून तिने विचारलं,
"किती वाजता बघूचा होता?"
दोन.
"दोनाक मी जागीच होतंय. भायर, बाकड्यार.
कोण हाक मारता काय ऐकत."

यावर माझ्याजवळ पाठ केलेलं काही नव्हतं.

झेरॉक्स लवूच्या हातात दिली.
वकिलाला दाखवा म्हटलं, सही माझी, तारीख ही.
त्याने रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं
आणि ते उचललंच नाही.

परतताना ओहोटी. तर लांब राहिलेली.
चपला हातात घेऊन घोटाभर चिखलातून चालले.
मागून कुणी शिवी घातली नाही.
घातली असती तर
पाय जरा लवकर उचलले असते.