मंगळवारचं पाणी

सल्तच्या उतारावर आमच्या गल्लीला
पाणी मंगळवारी रात्री येतं,
छपरावरच्या टाकीत घसा खाकरत.
बुधवारी उजाडताच आई टाकीवर टिचकी मारते,
कलिंगड पारखावं तशी,
आणि आवाजावरून ठरवते
या आठवड्यात कोणी केस धुवायचे.

तांदळाचं पाणी. भाजीचं.
नमाजाआधी वडिलांच्या कोपरांवरून ओघळलेलं.
कपड्यांचं तिसरं विसळण; पहिली दोन नकोत,
त्यांत साबण फार.
न्हाणीतून निळा पाइप, वाळू-खड्यांचं पिंप,
पिंपातून थेंब थेंब
लिंबाच्या आळ्यात.
उष्टं म्हणायचं नाही त्याला.
थोरलं पाणी, आई म्हणते,
घर बघून आलेलं.

ते झाड आमची चोपडी.
मुतअबने गॅरेजचे हात मोरीत धुतले,
चौथ्या दिवशी आळ्यावर तेलाचं इंद्रधनुष्य.
वहिनीने स्वस्तातली पावडर आणली,
पानांच्या कडा करपल्या.
आणि एका उन्हाळ्यात
आईने एक पान उन्हासमोर धरलं,
उलटसुलट केलं, म्हणाली,
या घरात कोणीतरी केस रंगवलेत.

जुमानने रुमाल पुढे ओढला.
कोणी काही बोललं नाही.
पुढचे तीन बुधवार आईने
स्वतःच्या अंघोळीची अख्खी बादली, कोरी,
आळ्यात ओतली,
माती धुऊन निघावी म्हणून.
जुमान दारात उभी असताना.

जुमान आता रॉटरडॅमला असते.
फोनवर मागे पाण्याचा आवाज येतो,
आई अस्वस्थ होते. नळ बंद कर गं.
अगं आई, पाऊस आहे तो.

परवा म्हणाली,
तांदूळ धुतले आणि पातेलं धरून तशीच उभी राहिले.
पाचवा मजला. साधी कुंडीसुद्धा नाही.
मग?
मग काय, जिना उतरले.
खाली कुणाचं तरी झाड होतं, पावसात भिजत.
ओतलं त्याला.
शेजारी खिडकीतून बघत होता.

आई बराच वेळ गप्प.
अंगणात पिंपातून ठिबकत होतं,
ते मोजत असावी.
मग म्हणाली,
मीठ नव्हतं ना घातलेलं?