दृश्य चौदा, पुन्हा एकदा

तिसऱ्यांदा पाऊस पाडतायत.
दोन टँकर, एक नळी, शिडीवर उभा पोरगा.
झेब्रुगेच्या धक्क्यावर पाऊस विकत आणावा लागला
हे ओदिलला सांगितलं असतं तर
करंदी सोलता सोलता खोकला येईस्तोवर हसली असती ती.

माझ्या खुर्चीच्या पाठीवर लिहिलंय: सल्लागार.
नाव नाही. सवय आहे.

नटी चांगली आहे. योरिंडे. सव्वीस वर्षांची.
तिनं मला विचारलं, पिस्तूल कुठं लपवायचात.
मी कधी बाळगलंच नाही.
मग विचारलं, वायर कुठं चिकटवलेली असायची.
मग, कॉफी संपल्यावर, हळूच:
"हातांचं काय करायचात तुम्ही?"

हातांचं.

चौदा महिने मी नेल होते.
नेल बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहायची,
नेलचा नवरा तिला सोडून गेंटला गेलेला,
नेलला मांजराची अ‍ॅलर्जी. ही मात्र माझी, खरी,
घाईघाईत तिच्या सामानात आलेली.

हात ओदिलच्या टेबलावर असायचे.
करडी करंदी, बोटाच्या पेराएवढी.
डोकं धरायचं, शेपूट जरा पिळायचं, ओढायचं.
पहिल्या आठवड्यात माझा ढीग बघून ती म्हणाली,
"पोलिसासारखी सोलतेस गं, पुरावा शोधत."
सगळे हसले. मीही हसले.
अजूनही रात्री कधीतरी ते हसू मी
उजेडात धरून बघते,
कुठं उसवलं होतं का.

तिचा मुलगा बाउडवाइन
माशांच्या पेट्यांखालून जे आणायचा
त्याचं वजन, तारीख, बोटीचा नंबर, भरतीची वेळ
मी पाठवत गेले.
त्या आकड्यांचं मला काही वाटत नाही.
ओस्टेंडच्या स्टेशनामागं एकोणीस वर्षांच्या एका पोरावर
मी स्वतः पिशवीची चेन ओढली होती.
बुटाची एक नाडी हिरवी, एक पांढरी.
त्याच्यासाठी गेले होते मी.
हे लिहून घ्या, मी लेखकाला सांगितलं.
त्यानं लिहून घेतलं. मग कापलं.
भाग लांबत होता म्हणे.

दृश्यात बाई पिस्तूल रोखते,
केसांतून पाणी निथळतंय,
आणि म्हणते, "माझं नाव नेल नाही."

मी हे कुणालाच म्हटलं नाही.
मंगळवार होता. कोरडा.
पहाटे चारला त्यांनी सहा दारं फोडली तेव्हा
मी ब्रुगेतल्या एका खोलीत
यंत्रातली पाणचट कॉफी पीत
यादीवर खुणा करत होते.
ओदिलला कुणी सांगितलं, कुठल्या शब्दांत,
तेव्हा तिच्या हातात काय होतं,
अहवालात नाही.

आदल्या रविवारी तिनं दिलेलं पातेलं,
शिंपले उकडायचं, काळं, इनॅमलचं,
झाकणाचा एक टवका उडालेला,
माझ्याकडेच राहिलं.
"सावकाश दे," म्हणाली, "पण रिकामं आणू नकोस."
जप्तीच्या यादीत मी ते चढवलं नाही.
बावीस वर्षांच्या नोकरीत
तेवढी एकच वस्तू.
आत काय घालून परत न्यावं
ते अजून सुचलेलं नाही.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मी जागले. कुठल्या मिठाला, ते विचारू नका.
या किनाऱ्यावर हवेतच मीठ असतं,
काचा दर शनिवारी पुसाव्या लागतात.

"कट!" पाऊस थांबतो.
योरिंडे टॉवेलात कुडकुडत येते.
"बरोबर झालं का?"
पिस्तूल छान धरलंस, मी म्हणते. पण हात...
तिचे ओले हात मी हातात घेते
आणि दुसरं काहीच न आठवून
सांगते: डोकं धरायचं,
शेपूट जरा पिळायचं. आता ओढ.

ती हवेतच करून बघते.
पटकन जमतं तिला. माझ्यापेक्षा लवकर.
शिडीवरचा पोरगा नळी पुन्हा वर करतो.