तळटीप

बिलौआच्या खाणींकडून येणाऱ्या बसला
जानेवारीत धुक्यानं उशीर होतो,
म्हणून मंगळवारी मी यंत्र साडेदहाला सुरू करते.
आधी स्वतः एकदा फुंकून बघते.
माझा आकडा मी कुणाला सांगत नाही.
कंपूच्या चढावर चप्पल नीट करायचं निमित्त काढून
थांबते, एवढंच.

अशर्फीबाई कुशवाह. वय विचारलं
तर म्हणाली, लिहा पन्नासच्या आतबाहेर.
विडी? नाही.
तंबाखू? दातांना लावते तेवढी.
गिट्टीच्या क्रशरवर किती वर्षं?
मधला पोटात होता तेव्हापासून
तो गेला त्या उन्हाळ्यापर्यंत.
मी वहीच्या कडेला बेरीज मांडते.
तो केवढा होता हे विचारल्याशिवाय
बेरीज होत नाही.
विचारते.
एकोणीस.

आणि चूल?
आता ती माझ्याकडे नीट बघते.
आईच्या मांडीवर होते तेव्हापासून धरायचं,
की स्वतः पेटवली तेव्हापासून?
असे दोन रकाने माझ्या कागदावर नव्हते.

मग नळी तोंडात, नाकाला चिमटा.
चिमट्यातूनच हसून म्हणते, ये तो फुँकनी है.
हो, फुंकणीच. फक्त पलीकडे विस्तव नाही.
पलीकडे मी, आणि पडद्यावरची एक रेघ
जिनं पहिल्या सेकंदातच उंच जायला हवं.

पूरी साँस भरो अम्मा, अब ज़ोर से, और, और, और!
मी इतकी ओरडते की एक्स-रेचे खांडवे
आपलं दार ओढून घेतात.
सहा सेकंद लागतात. ती दोन देते.
मग खोकला, आणि रेघ
मांजरानं ओढलेल्या लोकरीसारखी.
यंत्र म्हणतं, अग्राह्य.
पुन्हा. अग्राह्य.
तिसऱ्या वेळी ती ओठांचा चंबू करून हळूच, तिरपं फुंकते
आणि मलाच समजावते :
जोरात फुंकलं की राख उडते,
भाकरीवर बसते, घरचे ओरडतात.
अर्धा श्वास पुढच्या फुंकेला ठेवायचा असतो.

चाळीस वर्षं हातात बसलेलं काम
मी तिला पंधरा मिनिटांत विसरायला सांगत होते.

नियमानं आठ वेळा बघता येतं.
पाचव्याला मी थांबवलं, ओठ निळसर दिसायला लागले.
औषध दिलं. फवारा कसा ओढायचा ते दाखवलं.
तिनं आधी डबी उलटी करून
किंमत कुठे लिहिलीय ते शोधलं.

रात्री तक्ता केला.
तीनशे बारा जण आले, दोनशे एकाहत्तर बसले.
ज्यांना फुंकता येतं त्यांची फुप्फुसं
सरासरीनं तेवढी वाईट नाहीत,
असं माझं संशोधन सांगतं.
उरलेल्या एक्केचाळिसांसाठी
तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ :
'तंत्र न जमल्यामुळे वगळले.'

ती ओळ मी तीनदा खोडली.
तंत्र कुणाला जमलं नाही, ते तिच्यात येत नव्हतं.
शेवटी लिहिलं :
'यांना जोरानं श्वास सोडता आला नाही.
हाच त्यांचा आकडा समजावा.'
सरांनी लाल शाईनं शेरा मारला,
भाषा शास्त्रीय करावी.

पुढच्या मंगळवारी बस अकराला आली.
फाटकापासून माझ्या दारापर्यंत
साठ पावलं असतील.
मी खिडकीतून बघत होते.
अशर्फीबाई एकदा पदर सारखा करायला थांबली.
एकदा कुणाला तरी वाट द्यायला,
मागे कुणी नव्हतं.
मग गजकच्या गाडीपाशी भाव विचारत उभी राहिली,
बराच वेळ.
घेतलं काहीच नाही.

मी वही उघडली, पट्टी घेतली,
नवा रकाना आखला :
वाटेत किती वेळा,
आणि कशाच्या निमित्तानं.
पहिल्या ओळीत लिहिलं,
चप्पल.