कंसाची उंची

देब्रेत्सेनच्या छापखान्यात गणिताचं काम
एकटी गिझेला वामोश जुळवायची.
बाकीचे जुळारी तिच्या टेबलाला वळसा घालून जात;
धक्का लागला तर अख्खं समीकरण
जमिनीवर सांडायचं, डाळीसारखं.

मी तिच्या हाताखाली. वय सोळा, नखांत शाई.
पहिल्याच दिवशी तिनं बेरजेचं थोरलं चिन्ह
माझ्या तळहातावर ठेवलं:
"हे ओळीत मावत नाही. तेव्हा ओळीनंच सरकायचं."
वर-खाली पातळ पट्ट्या सारल्या
आणि ओळ सरकली खरंच,
पाहुण्यासाठी बाकावरची माणसं सरकतात तशी.

घातांक लहान. घातांकाचा घातांक आणखी लहान.
त्याच्या पायाशी एक इवलं 'के',
नाताळच्या गुंडाळीतल्या खसखशीएवढं.
प्राध्यापक तोर्माय प्रुफावर लिहायचे:
"हे दिसत नाही. मोठं करा."
ती खाली लिहायची:
"मोठं केलं तर वरच्या पायरीवर चढेल,
अर्थ बदलेल. चष्मा बदला."
ते चष्मा बदलून आले.
सोबत पिशवीभर जर्दाळू.

कंसांचं मात्र वेगळं होतं.
कंसाला स्वतःचं माप नसतं, ती म्हणायची,
आत कोण बसलंय ते बघायचं.
एकट्या अक्षराला साधा चालतो.
अपूर्णांकावर अपूर्णांक, वर मूळचिन्हाचं छप्पर,
असा सगळा बाडबिस्तरा असेल
तर तीन तुकडे: डोकं, धड, पाय.
सांधे कानशीनं घासायचे, मग बोट फिरवायचं.
शिसं बोटाशी खोटं बोलत नाही.

फेब्रुवारीत तोर्माय गेले.
शोकपत्र आमच्याकडेच आलं:
काळी चौकट, नाव, खाली कंसात दोन सालं.
मी साध्या खणातला कंस उचलला.
तिनं माझ्या हातातून चिमटा घेतला
आणि खालच्या खणातून
तीन-तीन तुकडे काढले.

फोरमन दोमोकोश म्हणाला, "बाई, एवढा कंस?
आत नुसती एक आडवी रेघ आहे."
"तीच मोजली," ती म्हणाली
आणि कानस शोधू लागली.

दीडशे प्रती निघाल्या.
खरं सांगायचं तर विचित्रच दिसत होतं ते,
थोरल्या भावाचा कोट घातल्यासारखी दोन सालं.
बायकोनं गठ्ठा घेतला, काही विचारलं नाही.
संध्याकाळी तुकडे मी रॉकेलनं धुऊन खणात ठेवले.
सोमवारी कुणाचं तरी पाच ओळींचं मॅट्रिक्स येणार होतं,
आणि उंच कंस आमच्याकडे
मोजकेच होते.