मुद्देमाल क्रमांक एकेचाळीस

रेवणसिद्ध म्हेत्रे पहिल्यांदा आले तेव्हा
खुर्चीवर बसले नाहीत.
सव्वीस वर्षं बँकेच्या दारात उभा राहिलेला माणूस.
म्हणाले, अक्का, बसलो की गुडघे बोलतात.

गुन्हा एका ओळीचा:
परवाना संपून एकोणीस दिवस, बंदूक खांद्यावरच.
ते एकोणीस दिवस कुठं गेले
हे दोषारोपपत्रात नाही.
ते सिव्हिलच्या तिसऱ्या मजल्यावर आहेत,
निंगव्वाच्या खाटेशेजारी अंथरलेल्या चटईवर,
रात्री ड्युटी, दिवसा सलाईनचे थेंब मोजत.
साक्षीदारांच्या यादीत मी तिचं नाव लिहिलं होतं.
तारखेआधी खोडावं लागलं.

माझे वडील अशोक चौकात मागावर होते.
तुटलेला धागा ते डोळ्यांनी शोधत नसत,
तळहात फिरवत कापडावरून.
मीही तसाच फिरवला हात
पंचनाम्यावरून, जबाबांवरून
(पंच दोघं, दोघंही चौकीसमोरचे चहावाले),
आणि लागला.
जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी मंगळवारची.
बंदूक तपासली ती शुक्रवारी.
म्हणजे ती चालते की नाही हे कुणालाच ठाऊक नसताना
खटला चालवायचं ठरलं होतं.

उलटतपासणीत मी फक्त वार विचारले.
आरमोररसाहेब चष्मा पुसत राहिले.
कागद उडत होते म्हणून
न्यायाधीशबाईंनी पंखा बंद करायला सांगितला,
आणि त्या उकाड्यात, त्या शांततेत
मंगळवार शुक्रवारच्या आधी येतो
हे एकदाचं रेकॉर्डवर आलं.

निर्दोष.
पण हे नाणं कलेक्टर कचेरीत चालत नाही.
तिथं फाईल दुसरी, टेबल दुसरं,
परवाना रद्द, सार्वजनिक शांततेच्या कारणास्तव.
शांतता!
हा माणूस गल्लीतल्या कुत्र्यालाही अहोजाहो करतो.

अपील पुण्याला, आयुक्तांकडे.
पहाटेची गाडी, डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी,
सात तारखा. सातही वेळा तोच खाकी शर्ट,
खिशावर बिल्ल्याच्या जागी दोन भोकं.
मधल्या काळात ते मंगल कार्यालयाच्या फाटकात
काठी घेऊन वऱ्हाडाच्या गाड्या लावायचे.
एकदा म्हणाले, काठीला कुणी परवाना मागत नाही अक्का,
कुणी विचारतही नाही म्हणा.

चौथ्या वर्षी आदेश आला.
मालखान्यात हवालदारानं गोणी सरकवली,
हातभट्टीचे कॅन, एक चाक नसलेली सायकल,
जत्रेतल्या की खऱ्या कोण जाणे अशा चार तलवारी,
आणि तळाशी ती, दुनळी,
सुतळीला चिठ्ठी बांधलेली: मुद्देमाल क्रमांक एकेचाळीस.
चाप घट्ट. दस्त्यावर वाळवीची रांगोळी.
उजव्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं.
म्हेत्र्यांनी ती नळी उन्हाकडं धरली,
एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.
म्हणाले, राहतंय कोणतरी.
काडी मागितली नाही.

बँकेत आता एजन्सीची पोरं आहेत, दाराला यंत्र आहे.
हे त्यांना ठाऊक, मलाही ठाऊक.
तरी मी विचारलंच, आता हिचं करायचं काय?
ते चादर उलगडत होते,
मोराच्या नक्षीची, सासुरवाडीकडून आलेली.
दोन वेढे दिले, टोक आत खोचलं,
नीट बसलं नाही म्हणून पुन्हा सोडलं.

बसमध्ये मी मागच्या सीटवर.
कंडक्टर म्हणाला, काय आहे हो त्यात?
तेवढ्यासाठीच थांबल्यासारखं
त्यांनी खिशातून आदेश काढला,
प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रुमाल, रुमालात कागद,
घडी उघडून शिक्क्यावर बोट ठेवलं.
ते राहू द्या मामा, सुट्टे काढा.

सात रस्ता येईपर्यंत
कागद मांडीवर उघडाच होता,
शिक्क्याची बाजू वर.