चौथी काठावर

सगळ्यात खालच्या ओळीत कवटीचं चित्र होतं.
स्तुर्ला म्हणाला, आई, ती ओळ तुझ्यासाठी नाही,
तिथे नोंद एकच राहते, चौघं मेले की तीही पुसली जाते,
मागे जाऊन चूक दुरुस्त करता येत नाही.
मी म्हटलं, तेवीस वर्षं बंदरावरचा काटा सांभाळतेय,
एकदा लिहिलेलं वजन खोडलेलं पाहिलंयस कधी?

पहिला डाव पुलावरच आटोपला.
चार गॉब्लिन, तेलाचं एक पिंप आणि माझा शहाणपणा.
दुसरा सतरा तास चालला; मग तळघर,
हिरवी वाफ, आणि मीच मागून लावून घेतलेलं दार.
नोव्हेंबरात सूर्य डोंगराआड गेला की फेब्रुवारीपर्यंत
सुदुरेयरीत त्याची कुणी चौकशी करत नाही.
मी तिसऱ्यांदा चार नावं लिहिली.

हळूहळू कळत गेलं.
उंच जागा आधी घ्यायची, बोलणं नंतर.
पळणं हीसुद्धा चाल आहे, बहुतेकदा तीच.
गुहेत चार पेट्या उघडल्या; पाचवी श्वास घेत होती,
तिला तशीच झोपू दिली.
सोनं मेलेल्यांना उठवण्यासाठी राखायचं,
तलवारीच्या मुठीवरल्या खड्यासाठी नाही.
दान एकच पडणार असं धरून चालायचं,
वीस पडलं तर आनंद तोंडातच ठेवायचा,
फाशाला ऐकू जातं.

पण जगवलं ते एका जुन्या गोष्टीनं.
चौथीला, हाल्बेरा चोरटीला, मी लढाईत नेलंच नाही.
ती शेकोटीपाशी टाचा शेकत बसायची, फुकटखाऊ.
माझे वडील म्हणायचे, सगळ्या भावांनी एका बोटीत बसू नये.
एकानं काठावर राहावं.
घरी येऊन सांगायला कुणीतरी लागतं.

एकोणसाठाव्या तासाला मिठाच्या राणीनं
तीन चालींत तिघांना आडवं केलं.
पडदा काळा झाला नाही.
दूर कुठेतरी हाल्बेराच्या शेकोटीत एक लाकूड तडकलं.
रात्री ती उतरली, बुटांना चिंध्या बांधून,
एकेकाला पायाला धरून ओढत आणलं,
थडग्यांपाशी बसणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातावर
आठशे मोहरा मोजल्या. त्यानं घासाघीस केली, मेल्यानं.
तिघे खोकत उठले.
माझी कॉफी तोवर गार झाली होती, ती तशीच प्यायले.

शेवटचं दार मात्र चौघांशिवाय उघडेना.
चार शिळा, चौघांचं वजन.
वजनाचं मला कुणी शिकवू नये,
मी चौथीवर पिंप ठेवून पाहिलं,
मग एक मेलेलं अस्वल.
दार ढिम्म.

मागच्या वर्षी मासेमारीचा कोटा विकला गेला,
बंदरात बोट एकच उरली.
माझे मुलगे दोन.
ह्योर्वार गळांच्या दोरीवर, स्तुर्ला इंजिनात.
वडिलांचा नियम ठेवायला घरात जागा आहे,
पाण्यावर नाही.

हाल्बेराला चौथ्या शिळेवर उभं केलं.

जिंकले. तपशील लाजिरवाणा आहे:
इतके मंत्र, इतक्या तलवारी, आणि शेवटी
तिनं राणीला कड्यावरून ढकललं, नुसत्या खांद्यानं,
अंगात जीवाचा एक ठिपका उरलेला असताना.
पडद्यावर काहीतरी सोनेरी चमकलं.
पहाटेचे चार चाळीस. मी बूट चढवले.

काट्यावरचा बर्फ झाडला, शून्य तपासलं.
फियोर्डच्या तोंडाशी दिवा नव्हता.
पुन्हा शून्य तपासलं.
मग होता.

दोर फेकता फेकता स्तुर्लानं ओरडून विचारलं, कुठवर पोचलीस?
कॉड किती आहे ते सांग आधी, मी म्हटलं,
आणि वर या. दोघंही.